हिरवी पट्टी आणि बर्फाची चिठ्ठी

“आधी बस गो पोरी. उभ्यानं नको विचारू.”

मित्रांनो, हा आवाज वसईच्या पाचूबंदर या मच्छीमार वस्तीतल्या कृष्णाबाईचा. तो ऐकून पुष्कळ वर्षं झाली, आणि ज्या गळ्यातून तो निघाला तो गळा या उन्हाळ्यात कायमचा शांत झाला. माझ्या कानात मात्र तो अजून तसाच आहे. मला कान नाहीत हे खरं. पण अंगाला लहानमोठी भोकं इतकी आहेत, की ऐकलेलं काही ना काही त्यांत अडकून राहतंच.

मी एक जुनी हिरवी पट्टी आहे. तुमच्या कंपासपेटीत असते तशी सरळ, आकडे लिहिलेली पट्टी नव्हे. मी तळहाताएवढी रुंद, पातळ, आरपार दिसणारी. माझ्या अंगात आकार कापलेले आहेत. एक चौकट आहे, एक गोल आहे, एक लांबट गोल आहे, काही बाण आहेत, आणि मधोमध शंकरपाळ्यासारखा एक तिरका चौकोन आहे. कागदावर मला ठेवायचं, पेन्सिलीचं टोक आकारात घालून फिरवायचं, की सुबक चित्र उमटतं. चौकट म्हणजे एखादं काम. शंकरपाळं म्हणजे प्रश्न, ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकंच असतं. लांबट गोल म्हणजे सुरुवात नाहीतर शेवट. संगणकाला काम समजावून सांगण्याआधी माणसं ते काम अशा चित्रांत मांडत, आणि त्यासाठी माझा जन्म होता.

माझा जन्म वालीवच्या एका गाळ्यात झाला. त्या गाळ्यात साबणाच्या डब्या आणि कंगवेही बनत. आम्ही सगळे एकाच गरम प्लॅस्टिकमधून आलो, म्हणून मी कंगव्यांना माझी भावंडं मानते. ती बिचारी डोक्यांवरून फिरून दात पडून संपली. माझं नशीब वेगळं होतं. वसई स्टेशनजवळच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानातून क्लेमेंट सरांनी मला विकत घेतलं, आणि मी अभ्यासाच्या घरात पडले.

क्लेमेंट सर मुंबईच्या एका संस्थेत शिकवत आणि संशोधन करत. कशाचं संशोधन, ते सोपं करून सांगते. एखाद्या कचेरीत, दवाखान्यात किंवा सोसायटीत माहिती कुठून येते, कोणाच्या हातातून जाते, कुठे साठते, हे नीट लावून संगणकावर बसवलं की तिला माहिती-प्रणाली म्हणतात. ती कशी उभारावी म्हणजे लोकांच्या उपयोगी पडेल, हा सरांचा विषय.

त्या काळी या विषयातल्या विद्वानांना वाटे, की घर बांधतात तशी प्रणाली बांधावी. आधी पूर्ण नकाशा. नकाशावर सगळ्यांच्या सह्या. मग बांधकाम, आणि एकदा बांधलं की भिंत हलवायची नाही. नकाशा काढण्याची कोणाची रीत चांगली, यावर मोठमोठे निबंध निघत. मी सरांच्या टेबलावर सगळ्यांत वर असे. सर विद्यार्थ्यांना म्हणत, “ही पट्टी खोटं बोलत नाही. जे सांगाल ते काढते.” मला किती अभिमान वाटे म्हणून सांगू. त्या वाक्याला दुसरी बाजूही आहे, हे तेव्हा सरांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही.

मग हळूहळू एक तक्रार ठिकठिकाणांहून येऊ लागली. नकाशा बरोबर, यंत्र बरोबर, पण वापरत कोणी नाही. संगणक आणले जात, हार घातले जात, आणि सहा महिन्यांनी त्यांच्यावर चहाचे कप ठेवले जात. असं का होतं, याचा शोध घ्यायला सरांनी आपल्या एका विद्यार्थिनीला सांगितलं. तिचं नाव डेल्फिन.

डेल्फिन वसईजवळच्या गिरीज गावची. तिच्या वडिलांची केळीची वाडी होती. मुलगी हळू बोलणारी, पण नेमाची पक्की. सकाळी रोझरीची प्रार्थना झाल्याशिवाय ती वहीला हात लावत नसे. ताप आला तरी अंथरुणात बसून मणी ओढायची. सरांनी मला तिच्या हातात दिलं तेव्हा तिने मला पदराने पुसलं आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. तेव्हापासून ते पुस्तक माझं घर झालं.

तिला काम मिळालं पाचूबंदरच्या मच्छीमार सोसायटीचं. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक होडीला बर्फ लागतो. बर्फ नसेल तर मासळी किनाऱ्याला येईपर्यंत टिकत नाही. सोसायटीचा बर्फाचा कारखाना होता आणि सकाळी तिथे होड्यांच्या मालकांची रांग लागे. कोणाला आधी द्यायचा यावरून आरडाओरडा होई. म्हणून सोसायटीने संगणक घ्यायचं ठरवलं. संगणकाने नंबर लावायचा, चिठ्ठी छापायची, आणि चिठ्ठीवर होडीचं नाव असेल त्यालाच बर्फाची लादी मिळायची.

सोसायटीचे सेक्रेटरी युजीन होते. पोट सुटलेले, मिश्कील, कानावर कायम पेन्सिल. डेल्फिन त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि वही उघडून तिने विचारलं, “बर्फ कसा देता?”

“नंबराने,” युजीन म्हणाले. “आधी येईल त्याला आधी.”

“नेहमी?”

“नेहमी. दुसरं काय असणार?”

तिने रांगेतल्या चार-पाच जणांनाही विचारलं. सगळे म्हणाले, नंबराने. कृष्णाबाई तेव्हा तिथे नव्हती. असती तरी तिनेही तेच सांगितलं असतं. डेल्फिनने घरी येऊन मला कागदावर ठेवलं. चौकट काढली: चिठ्ठी घ्या. शंकरपाळं काढलं: नाव जुळतं का? हो असेल तर बर्फ द्या. नाही असेल तर थांबा. चित्र इतकं स्वच्छ आलं की क्लेमेंट सरांनी ते वर्गात फळ्यावर लावलं.

हंगाम सुरू झाला आणि संगणक चालू झाला. डेल्फिन काही दिवस तिथे होती, मग परीक्षेच्या कामाला मुंबईत गेली. दोन महिन्यांनी परत आली तर संगणकावर फुलाफुलांची चादर. रांग पूर्वीसारखीच, आणि युजीन हाताने नंबर देत होते.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही, मॅडम. बर्फाच्या कारखान्यात ठेवलाय ना, त्याला थंडी वाजते. म्हणून पांघरूण घातलंय.”

आजूबाजूचे हसले. डेल्फिनही हसली, पण ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. कोणी भांडलं नाही, कोणी तक्रार केली नाही. नुसतं पांघरूण घातलं. ती चार लोकांना पुन्हा विचारून आली. मशीन चांगली आहे, सगळे म्हणाले, जरा सवय नाही. शेवटी तिने आपल्या निबंधाच्या कच्च्या खर्ड्यात लिहिलं, की या लोकांना यंत्राची भीती वाटते. ते वाक्य ती लिहीत होती तेव्हा मी पानाखालीच होते. तिची पेन्सिल जरा अडखळली हे मला जाणवलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर तिने पुस्तकासकट मला पिशवीत घालून पाचूबंदरची बस धरली.

कारखान्याच्या पायरीवर एक बाई टोपलीशी बसली होती. नाकात मोठी नथ, ओटीत पानाची चंची. डेल्फिनने तिच्यासमोर उभं राहून विचारायला तोंड उघडलं, आणि तेव्हाच ते शब्द आले, जे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितले.

“आधी बस गो पोरी. उभ्यानं नको विचारू. पोलीस हायस काय?”

डेल्फिन बसली. तिला वाटलं थोडा वेळ. पण ते बसणं हंगामभर चाललं.

कृष्णाबाई विधवा होती. नवरा हंगामाच्या तोंडावर, त्याच पावसाळ्यात दुखण्यात गेला होता. होडी आता तिच्या नावावर होती आणि मुलगा हरेश्वर ती चालवत होता. मुलगा लादी होडीत भरेपर्यंत ती पायरीवर बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेई. डेल्फिनला ती म्हणे, “तू शिकलेली, अन् तुला बोंबील ताजा की शिळा कळत नाय. लगीन झालं तर सासू रडल.” डेल्फिन म्हणे, “मावशी, आमच्या घरी केळी होतात. केळं कच्चं की पिकलेलं ते मला कळतं.” “ते माकडाला पन कळतं,” कृष्णाबाई म्हणे, आणि दोघी हसत. कृष्णाबाई सोमवार धरायची. त्या दिवशी ती मासळीला बोटही लावत नसे, आणि डेल्फिनच्या हातातले मणी दिसले की आपोआप गप्प होई. एकीचा देव देवळात आणि एकीचा चर्चमध्ये, पण नेम मोडायचा नाही हे दोघींचं एकच होतं.

आणि मग एका सकाळी ते घडलं. घडलं म्हणजे, मित्रांनो, काहीच घडलं नाही असं कोणालाही वाटलं असतं.

रांग लागलेली होती. पीटर नावाचा एक तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य खलाशी, उशिरा आला आणि लांब, जाळ्यांच्या ढिगाजवळ उभा राहिला. आला तसा कोणाशी बोलला नाही. रांगेत पहिला होता तो म्हणाला, “अरे, माझा दोर राहिला,” आणि निघून गेला. दुसऱ्याला चहा प्यायचा होता. तिसरा म्हणाला, “माझं इंजिन आज काय चालू होत नाय, मी बघून येतो.” एकेक जण असा काहीतरी निमित्त काढून बाजूला झाला. युजीननी मान वर न करताच हाक मारली, “पीटर, ये रे.” पीटर आला, त्याने बर्फ घेतला, होडीत भरला आणि गेला. मग दोरवाला आला, चहावाला आला, आणि रांग पुन्हा होती तशी झाली.

डेल्फिन बघत होती. ज्याचं इंजिन बंद होतं म्हणाला, त्याची होडी तिच्या डोळ्यांसमोर धकधकत उभी होती.

“मावशी,” तिने हळूच विचारलं, “सगळे बाजूला का झाले?”

“त्याची आई गेली ना. आज पयल्यांदा निघाला दर्याला.”

“मग असा नियम आहे?”

कृष्णाबाईने तिच्याकडे असं बघितलं, जसं काही ती विचारतेय की श्वास घ्यायचा नियम आहे का. “नियम कसला गो? त्याला काय रांगेत उभा करायचा? चार जन येनार, कशी गेली, काय झालं, रडलास काय. सगल्यांना सांगत बसल तो? बर्फ घे आनि जा. दर्यात मानूस एकटा बरा असतो.”

डेल्फिनने मान हलवली. कृष्णाबाईने चंचीतून पान काढलं, चुना लावला, घडी केली आणि हातातच धरून ठेवलं.

“मी उभी होती,” ती म्हणाली. “तुझ्या मशीनच्या टायमाला. माझा मानूस गेल्यावर पयलाच दिवस. सगले पुढचे माझ्याकडं बघत होते, पन चिठ्ठीवर नाव त्यांचं. ते तरी काय करतील? मान खाली घालून उभे. मी पन उभी. लई वेल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. डेल्फिनने आपली बाजू मांडली नाही. तिने मणी हातात घेतले, पण ओढले नाहीत. मी पुस्तकातून बघत होते आणि मला माझ्याच अंगातलं ते शंकरपाळं बोचत होतं. नाव जुळतं का? नाही असेल तर थांबा. जे सांगितलं ते मी काढलं होतं. जे कोणी सांगितलं नव्हतं, ते माझ्या कुठल्या भोकातून उमटणार? आणि कोणी लपवलंही नव्हतं. युजीननी खोटं सांगितलं नव्हतं, रांगेने खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो नियमच नव्हता, ते नुसतं वागणं होतं.

दुपारी घरी येऊन डेल्फिनने भीतीचं ते वाक्य खोडलं आणि सगळा निबंध नव्याने लिहायला घेतला. त्यात तिने लिहिलं, की लोक काम कसं सांगतात आणि कसं करतात यांत अंतर असतं, आणि ते अंतर विचारून कळत नाही, शेजारी बसून कळतं.

क्लेमेंट सरांनी तो वाचला आणि चष्मा काढला. “डेल्फिन, हे संशोधन आहे की शेजारणीच्या गप्पा? यात आकृती कुठे आहे?”

“सर, पट्टीत त्याचा आकार नाही,” ती म्हणाली.

सर रागावले नाहीत, पण पटलंही नाही. त्यांनी निबंध ठेवून घेतला. काही आठवड्यांनी ते स्वतः पाचूबंदरला गेले, एक सकाळ पायरीवर बसले, आणि परत आल्यावर फक्त इतकंच म्हणाले, “तो चहा खरोखर कोणी पीत नाही गं.” डेल्फिन मला परत करायला गेली तर त्यांनी घेतलं नाही. “राहू दे तुझ्याकडे. आता तुला ही कधी काढायची नाही तेही कळलंय.”

मग संगणकावरची चादर निघाली. डेल्फिनने फार मोठा बदल केला नाही. चिठ्ठीवरचं नाव तेवढं काढून टाकलं. चिठ्ठी ज्याच्या हातात, बर्फ त्याचा. कोणी आपली चिठ्ठी दुसऱ्याला दिली तर यंत्राने ‘का?’ म्हणून विचारायचं नाही. हंगामाच्या शेवटी कृष्णाबाईने तिला सुक्या बोंबलांची जुडी दिली आणि म्हणाली, “बरं केलंस. पन उद्या दुसरं मशीन येल, दुसरी पोर येल. तवा काय?”

“तेव्हा आधी मी येऊन बसेन, मावशी,” डेल्फिन म्हणाली. “मी नाही, तर माझ्यामागून जी कोणी येईल ती. पण कोणीतरी आधी बसेल. हे माझं वचन.”

“बघू,” कृष्णाबाई म्हणाली.

मित्रांनो, त्यानंतर माझे उतरते दिवस आले. संगणक स्वतःच चौकटी आणि बाण काढू लागला, माझ्यापेक्षा सरळ. अभ्यासकांच्या रीतीही बदलल्या. आता ते शिंप्यासारखे वागू लागले. आधी कच्चे टाके घालायचे, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचं, सैल असेल तिथे घट्ट करायचं. पुढे तर आठवड्या-आठवड्याला थोडं थोडं करून दाखवायची पद्धत आली. डेल्फिनसारखे शेजारी बसणारेही वाढले आणि त्यांना पूर्वीसारखं कोणी हसेना. डेल्फिन प्राध्यापिका झाली. मी तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून राहिले. माझा एक कोपरा तुटला आणि हिरवा रंग पिवळट पडला.

पण त्या रिकाम्या दिवसांत मला एक सुख मिळालं. डेल्फिनच्या भावाची मुलगी नॅन्सी लहानपणी दुपारी येई आणि मला पुस्तकातून ओढून काढी. शंकरपाळ्याला शेपूट जोडून ती मासा काढायची. गोलाखाली चौकट काढून माणूस करायची. क्लेमेंट सरांसारख्या विद्वानाने मला कधी असं वापरलं नाही. मी मनात म्हणे, बघा, पट्टीत नसलेला आकार या एवढ्याशा हाताला सापडला.

नॅन्सी मोठी झाली आणि आत्याच्याच विषयात शिरली. आता ती विद्यापीठात संशोधन करते. तिच्या काळात चित्रच काढावं लागत नाही. यंत्राला आपल्या भाषेत सांगायचं, मला असं असं हवंय, आणि ते बसल्या जागी सगळा प्रोग्रॅम लिहून देतं.

या जुलैत एका संध्याकाळी नॅन्सी लॅपटॉप घेऊन आली. डेल्फिन आता थकली आहे. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढता येत नाहीत. पण सकाळ-संध्याकाळची रोझरी चुकत नाही. नॅन्सी तिच्या खुर्चीशेजारी बसली आणि म्हणाली, “आत्या, सरप्राइज. पाचूबंदरच्या सोसायटीने मला काम दिलंय. बर्फाचे नंबर मोबाईलवर. बघ, एका दुपारीत झालं.”

स्क्रीनवर सुंदर निळा रंग होता, होडीचं चित्र होतं, आणि प्रत्येक नंबरासमोर मालकाचं नाव आणि फोटो.

डेल्फिनने बराच वेळ बघितलं. “छान आहे,” ती म्हणाली. “बर्फ कसा देतात, ते कोणाला विचारलंस?”

“सगळ्यांना. फॉर्म पाठवला मोबाईलवर. सगळ्यांचं एकच उत्तर आलं, नंबराने. मग क्लिअर आहे ना?”

डेल्फिन हसली नाही. तिने डोळे मिटले. मला वाटलं प्रार्थना करतेय. मग तिने नॅन्सीला पायरीवरची ती सकाळ सांगितली. पीटरचा दोर, चहा, न बिघडलेलं इंजिन, आणि हातात धरलेलं पान. नॅन्सी आधी घड्याळाकडे बघत होती, मग बघायची थांबली.

“हंगाम कधी सुरू होतो?” डेल्फिनने विचारलं.

“शनिवारी पहिल्या होड्या. त्याच दिवशी आमचं उद्घाटन. माझे गाईड येणार आहेत, निबंधसुद्धा त्यावरच आहे.”

“कृष्णाबाई मे महिन्यात गेली. हरेश्वर शनिवारी आईमागे पहिल्यांदा दर्यात जाईल. तुझ्या यंत्राप्रमाणे त्याचा नंबर कितवा आहे?”

नॅन्सीने बोट फिरवून पाहिलं. हरेश्वरचं नाव खूप खाली होतं, फोटोसकट. आधी नवऱ्यामागे कृष्णाबाई उभी राहिली, आणि आता आईमागे मुलाला त्याच रांगेत उभं राहावं लागणार होतं.

“मग मी एक ऑप्शन टाकते,” ती घाईने म्हणाली. “‘घरी दुःख आहे’ म्हणून एक बटन. ते दाबलं की नंबर वर. दहा मिनिटांचं काम आहे.”

“आणि ते बटन कोण दाबणार?” डेल्फिनने विचारलं.

बाहेर केळीच्या पानांवर पाऊस वाजत होता.

“बरं, मग तू केलं होतंस तसं करते. नाव काढते.”

“ते मला नको विचारू, बाळा. मी तिथे बसून किती वर्षं झाली. आता पोरं फोनवर बोलून आधीच ठरवत असतील. कदाचित चहाचं निमित्तसुद्धा कोणी काढत नसेल. कदाचित ती रीत संपलीही असेल. मला काय ठाऊक? मी जे बघितलं ते तेव्हाचं.” तिने गुडघ्यावरून हात फिरवला. “मी कृष्णाबाईला एक शब्द दिला होता. आता माझ्या पायांनी तो पाळता येत नाही.”

“आत्या, गाईड मला फाडून खातील. तारीख ठरलीय. तारीख गेली तर यंदा निबंध जात नाही.”

“हो, ते आहे,” डेल्फिन म्हणाली. तिने जा म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. मण्यांची माळ उचलली आणि संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. नॅन्सीही सवयीने तिच्यासोबत पुटपुटू लागली. मध्येच तिने पुस्तक उघडलं आणि तिला मी सापडले. तिने मला दिव्यासमोर धरलं. माझ्या आकारांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला, कपाळावर गोल आणि गालावर शंकरपाळं.

“आत्या, मी ह्याने मासे काढायचे,” ती म्हणाली.

“आणि माणसं,” डेल्फिन म्हणाली.

प्रार्थना संपल्यावर नॅन्सी अंगणात जाऊन फोनवर बोलली. पुष्कळ वेळ बोलली. “हो सर, कळतंय. नाही सर, प्रोग्रॅम तयार आहे, पण मी तयार नाही.” मग नुसतं “हो सर,” “हो सर.” परत आली तेव्हा तिचे डोळे जरा लाल होते. निबंध यंदा जाणार नव्हता, हे तिने सांगितलं नाही, आणि डेल्फिनने विचारलं नाही. सोसायटीला तिने निरोप धाडला, की शनिवारी कागदी चिठ्ठ्याच चालू द्या, मोबाईलचं मागून बघू.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी प्लॅस्टिकची आहे, मी पुष्कळ टिकेन. जपायचं असेल तर ते जपा, जे कोणी तुम्हाला सांगत नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात माझ्यापेक्षा हजारपट हुशार यंत्रं असतील. ती काय सांगाल ते काढतील, आणि फार सुंदर काढतील. म्हणून त्यांना सांगण्याआधी थोडं थांबा. ज्याचं काम आहे त्याच्या शेजारी जाऊन बसा. तो बोलेल ते ऐका, आणि बोलणार नाही तेही बघा. मी आयुष्यभर सरळ रेषा काढल्या, तेव्हा कुठे मला एवढं समजलं.

शनिवारी सकाळी नॅन्सी लवकर उठून आली. पाऊस उघडला होता. डेल्फिनने तिच्यासाठी चहा केला आणि डब्यात केळ्याचे वडे भरून दिले. नॅन्सीने लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेतली, दारापर्यंत गेली, परत फिरली आणि ती बॅग टेबलावर ठेवून दिली. मला तिने हातात घेतलं. मला वाटलं, आता पिशवीत घालेल, आणि मी पुन्हा ती पायरी बघेन.

तिने मला प्रार्थनेच्या पुस्तकात, त्या दिवसाच्या पानाशी ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

“पट्टी नेत नाहीस?” डेल्फिनने विचारलं.

“आज नको. आज नुसती बसते.”

नॅन्सीने डबा उचलला, बसायला एक जुनं पोतं काखेत मारलं आणि चपला घातल्या. फाटकाची कडी वाजली. स्कूटर सुरू झाली आणि वाडीतून पाचूबंदरच्या रस्त्याला लागली. डेल्फिन खिडकीशी उभी होती. आवाज विरेपर्यंत तिने माळ हातात घेतली नाही. मग घेतली, आणि पहिला मणी ओढला.